एका बंदुकीचे दोन नंबर

मित्रांनो, पळू नका. मी एक जुनी रायफल आहे हे खरे, पण माझ्या पोटात काडतूस नाही. कित्येक वर्षे नव्हते. तुम्ही मला भ्यावे असे माझ्यात काही उरलेले नाही. उलट मीच भीत भीत बोलते आहे. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जमा-जप्त वस्तूंच्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्यात मी उभी आहे आणि दाराची कडी वाजली की माझ्या लाकडाला कंप सुटतो. का, ते सांगते. माझे काम लोकांना भीती घालण्याचे होते. ती भीती फिरून माझ्याच वाट्याला कशी आली, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म विलायतेतला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. घडवून झाल्यावर एका कारागिराने माझ्या पाठीवर, नळीच्या मुळाशी, चार आकडे ठोकले. चार घाव बसले एवढेच मला कळले. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तसा मला माझा आकडा दिसत नाही. दिसला असता तरी वाचता आला नसता.

जहाजातून मी या देशात आले. शिपायांच्या खांद्यावरून फिरले, तिजोरीच्या पहाऱ्यावर उभी राहिले. पुढे माझ्यापेक्षा चपळ रायफली आल्या. त्यांच्यात एकदम पाच-दहा गोळ्या भरता येत. माझ्यात एकच. मग सरकारने आम्हा जुन्या रायफलींचा लिलाव केला आणि वर्धा जिल्ह्यातले एक मालगुजार रूपराव यांनी मला घरी आणले.

त्यांच्याकडे माझा फार मान होता. दसऱ्याला मला कुंकू लागायचे, झेंडूची माळ पडायची. पाहुणा आला की रूपराव मला खाली काढून म्हणायचे, ही आमची मार्टिनी. मार्टिनी हे माझ्या जातीच्या रायफलींचे नाव. पाहुणे हात लावायचे आणि लगेच मागे घ्यायचे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आता वाटत नाही.

त्याच काळात एकदा परवान्याच्या तपासणीसाठी रूपराव मला कचेरीत घेऊन गेले. तिथल्या अंगणात मी जे पाहिले ते अजून विसरले नाही. जप्त केलेल्या बंदुकांचा ढीग पडला होता. गावठी होत्या, विलायतीही होत्या. एक लोहार करवतीने एकेकीचे दोन तुकडे करत होता. लोखंड कापताना जो आवाज येतो तो तुम्ही ऐकला असेल. आम्हाला तो आमच्यातलीच कोणी रडते आहे असा ऐकू येतो. ज्यांचा धनी सापडला नाही, ज्यांचा आकडा कागदाशी जुळला नाही, त्या सगळ्या त्या ढिगात होत्या. त्या दिवसापासून मला एकच भीती होती. आकडा जुळला पाहिजे.

एकावन्न साली कायद्याने मालगुजारी गेली. रूपराव नागपूरला राहायला निघाले. जाताना त्यांनी मला त्यांच्या रखवालदाराला दिले. त्याचे नाव बाबाराव. तो तरुणपणी पलटणीत होता, पहिल्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आलेला. रूपरावांनी स्वतः वर्ध्याला जाऊन माझा परवाना त्याच्या नावावर करून दिला. पिकाच्या राखणीसाठी, असे त्यावर लिहिले होते.

पिकाची राखण मी कशी केली ते ऐकून हसाल. माझ्या मापाची काडतुसे बाजारात मिळेनाशी झाली होती. बाबाराव मला खांद्यावर टाकून शेताच्या धुऱ्याबांधावरून फिरायचा आणि रानडुक्कर दिसले की तेलाचा रिकामा डबा बडवायचा. डुकरे पळायची. बाबाराव मला म्हणायचा, "त्यायले का मालूम, तुह्या पोटात का हाय!" पण दर महिन्याला तो माझ्या दस्त्याला जवसाचे तेल चोळायचा आणि नळीतून चिंधी फिरवायचा. रूपरावांच्या घरी मला माळ मिळत होती. इथे तेल मिळत होते. कोणते बरे, असे मला विचाराल तर मी तेल म्हणेन.

छप्पन साली बाबाराव आणि त्याची बायको पंचफुला नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. त्याच हिवाळ्यात बाबाराव तापाने गेला.

मित्रांनो, माझी खरी गोष्ट इथून सुरू होते. आता ती माझ्यापेक्षा पंचफुलेची जास्त आहे.

पंचफुलेचे वय पंचावन्नच्या पुढे. मुलगा पुलगावच्या गिरणीत कामाला, घरात ती आणि सून सुलोचना. दीक्षेनंतर वस्तीत मोठ्या माणसांसाठी अक्षरवर्ग निघाला. दुपारी बाया पाटी घेऊन बसायच्या. पंचफुला पहिल्या रांगेत. सुलोचना हसून म्हणायची की आत्याबाई आता तहसीलदारीण होणार. पंचफुला तिच्याकडे लक्ष द्यायची नाही. चार महिन्यांत ती मुळाक्षरे शिकली, जोडाक्षरांशी भांडू लागली आणि शंभरपर्यंत आकडे पाटीवर न चुकता काढू लागली. मग दिसेल ते वाचायचे, असा तिला नादच लागला. चहाच्या डब्यावरचे, बैलगाडीच्या पाटीवरचे, गिरणीच्या चिठ्ठीवरचे.

कोतवालाने येऊन परवान्याचा कागद काढून घेतला आणि सांगितले की परवाना बाबारावच्या नावाचा होता, तो गेला म्हणजे परवानाही गेला, आता बंदूक कोणा परवानेवाल्याला विकावी नाहीतर ठाण्यात जमा करावी. त्यासाठी अर्ज लागेल, आणि अर्जात बंदुकीचा नंबर लागेल. अर्ज मी लिहून देतो, असेही तो म्हणाला.

पंचफुला नाही म्हणाली. बाबारावने जन्मभर दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा लावला होता. तिला स्वतः लिहायचे होते.

तिने मला अंगणात उन्हात आणले, मांडीवर आडवे घेतले आणि राखेने माझ्या पाठीवरचा मळ घासला. मग बोट ठेवून एकेक आकडा वाचला. चार. दोन. एक. तीन. तिचे बोट माझ्या पाठीवरून फिरले तेव्हा मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांत माझा आकडा कोणी प्रेमाने वाचला नव्हता. तिने अर्जात लिहिले, बंदूक नंबर ४२१३. खाली सही केली. पं, च, फु, ला. सहीला अर्धी दुपार लागली.

तो तिच्या आयुष्यातला पहिला अर्ज. त्याने आम्हा दोघींना जवळजवळ संपवले.

मला घरीच ठेवून ती अर्ज घेऊन ठाण्यात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बसली, पाणी प्याली, मग सुलोचनेला सगळे सांगितले. ते असे. माणिकराव जमादाराने अर्ज घेतला, जाडजूड रजिस्टर उघडले आणि बाबारावचे नाव शोधले. नाव सापडले. पण त्यासमोर बंदुकीचा नंबर होता ब्याऐंशी त्र्याण्णव. अर्जात होता बेचाळीस तेरा. जमादाराने दोनदा पाहिले. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "काय वो बाई, एका बंदुकीच्या दोन झाल्या का?"

पंचफुलेने सांगितले की बंदूक एकच आहे. जमादार म्हणाला की कागद तसे म्हणत नाही. ज्या बंदुकीचा परवाना आहे ती ब्याऐंशी त्र्याण्णव कुठे गेली? कोणाला विकली? आणि ही बेचाळीस तेरा विनापरवाना कुठून आली? नवे द्विभाषिक राज्य झाल्यापासून वरून प्रत्येक हत्याराची चौकशी सुरू होती. त्याने एका चिठ्ठीवर दोन्ही नंबर लिहून तिच्या हातात दिले. आठ दिवसांत दोन्ही बंदुका हजर कर, नाहीतर घराची झडती होईल आणि तुला वर्ध्याला न्यावे लागेल, असे बजावले.

"जेलात?" सुलोचनेने विचारले.

"वर्ध्याले म्हणे. तो मले का वर्ध्याले बाजार कराले नेईन?"

आठ दिवस. त्या घरात भीती कशी शिरली ते मी आढ्याखालून पाहत होते. पंचफुला पाटी घेऊन वर्गाला जाईना. कुत्रे भुंकले की दोघी दाराकडे पाहायच्या. सुलोचना भाकरी करता करता थांबायची आणि तवा जळायचा. तिने एकदा विचारले की आहे ती बंदूक तर नेऊन दाखवावी. पंचफुला म्हणाली की ही नेली आणि दुसरी नाही नेली, तर दुसरीसाठी तिथेच बसवून ठेवतील. दुसरी कुठून आणू? बाबारावने कधी बंदूक बदलली असेल का, आपल्याला न सांगता? हा विचार तिच्या मनात आला तेव्हा ती माझ्याकडे परक्या नजरेने पाहू लागली. मित्रांनो, त्या नजरेने मी झुरले. मीही विचार करू लागले की मी खरेच ती नाही का? माझी पाठ मला दिसत नव्हती.

पाचव्या दिवशी सुलोचना म्हणाली, "आत्याबाई, हे बला पडक्या विहिरीत टाकून द्या. पाणी कोणाले सांगत नाई."

पंचफुलेने मला गोधडीत गुंडाळले आणि भर दुपारी, शेतात कोणी नसताना, ती गावाबाहेरच्या पडक्या विहिरीवर गेली. काठावर बसून तिने गोधडी सोडली. माझे तोंड विहिरीच्या आत लोंबत होते. खाली शेवाळलेले पाणी होते आणि त्यात आभाळाचा एक गोल तुकडा होता. तिची बोटे सैल झाल्याचे मला जाणवत होते. करवतीची भीती मला ठाऊक होती. पाण्याची नवी होती. करवतीने तुकडे होतात, तरी ते कोणी पाहतो. तिथे मी अंधारात एकटी गंजले असते आणि मी कोण होते हे कोणालाच कळले नसते.

मग तिने मला मागे ओढले आणि मांडीवर घेतले. "आज एक नाई," ती स्वतःशीच म्हणाली. "हे टाकली तं दोन्ही नाई."

घरी येऊन तिने ठरवले की ही बंदूक आहे तरी कोणती, हे एखाद्या जाणत्याकडून वदवून घ्यायचे. असा जाणता एकच होता. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला बंडोपंत नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांना जुन्या हत्यारांचा शौक होता. तलवारी, जंबिये, ठासणीच्या बंदुका त्यांनी परवाना घेऊन जमवल्या होत्या. बाबाराव एकदा माझी कमान दुरुस्त करायला मला त्यांच्याकडे घेऊन गेला होता. पण तेव्हा ते गावी नव्हते, नोकरानेच काम करून दिले होते.

रस्त्याने मला न्यायचे कसे? बिनपरवान्याची बंदूक घेऊन चालताना कोणी धरले तर आठ दिवसही उरले नसते. पंचफुलेने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची लांब मोळी बांधली, मला मधोमध घातले आणि मोळी डोक्यावर घेतली. सरपण विकायला निघालेली बाई, असे पाहणाऱ्याला वाटावे. पहाटे निघाली ती ऊन चढेपर्यंत चालत राहिली. दहा मैलांची वाट. वाटेत सायकलवरून एक शिपाई गेला, तेव्हा तिची मान इतकी ताठ झाली की मोळी करकरली. सिंदी मेघेला पोचलो तर चहाच्या दुकानातली एक बाई आडवी आली. तिला सरपण हवेच होते.

"मोळी केवढ्याले, वो?"

"इकलेली हाय."

"कोणाले इकली? मी दोन आणे जास्त देते."

असे म्हणून तिने एक पऱ्हाटी उपसायला हात घातला. तिची बोटे माझ्या नळीपासून चार बोटांवर होती. पंचफुला एकदम म्हणाली की मोळीत विंचू निघाला होता, मघाशीच. त्या बाईने हात असा मागे घेतला की रूपरावांच्या पाहुण्यांची मला आठवण झाली.

बंडोपंत ओसरीवर बसले होते. त्यांनी पंचफुलेला खालीच थांबवले. "काय आहे? सरपण नको मला," ते म्हणाले. तिने मोळी सोडली. मला पाहताच ते उठून उभे राहिले.

मित्रांनो, आता जे घडले ते मी फार लक्ष देऊन पाहिले, कारण इतक्या वर्षांत मला खरे ओळखणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी मला पंचावर ठेवले. आधी नुसते पाहिले. बाहेर घोडा नाही, बाजूला खटका नाही, म्हणून मान हलवली. मग चापाच्या कड्यामागचा दांडा खाली ओढला. माझ्या पोटातला ठोकळा खाली बसला आणि घशाची वाट मोकळी झाली. दांडा वर नेल्यावर उजव्या अंगाचा पाण्याच्या थेंबासारखा काटा फिरून मागे झुकला. ते गालात हसले. दांड्याची लांबी त्यांनी बोटांनी मोजली. आमच्यातल्या बहुतेकींचा दांडा आखूड असतो, माझा लांब आहे. त्यांनी आतून एक जाड इंग्रजी पुस्तक आणले, चित्रे उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवून ते किती तरी वेळ त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिले. दस्त्यावरचा मुकुटाचा ठसा त्यांनी ओल्या बोटाने पुसला. त्या बोटाला माया होती.

मग त्यांनी आपली वही काढली. तीत ते सगळ्या हत्यारांची नोंद ठेवत. माझ्या पाठीवरचे आकडे भिंगातून पाहून त्यांनी वहीत लिहिले: 8293.

"हिचे कागद काय आहेत तुझ्याकडे?" त्यांनी विचारले.

पंचफुलेने जमादाराची चिठ्ठी पुढे केली आणि सगळी हकीकत सांगितली. बंडोपंतांनी चिठ्ठी वाचली. मग आपल्या वहीकडे पाहिले. मग पुन्हा चिठ्ठीकडे. त्यांचा हात थांबला. त्यांनी वही मिटली नाही, फक्त तिच्यावर तळहात ठेवला.

इथवर ते तिला तू म्हणत होते. आता म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. वर बसा."

मला तेव्हा काही कळले नाही. पण त्या "तुम्ही"ने माझ्या नळीत गार वारा शिरला.

त्यांनी सांगितले की ही पोलिसांची जुनी, साधी बंदूक आहे. लोखंडाच्या भावाने जाईल. नंबर जुळत नाही हे मात्र वाईट आहे, हत्यारांचा कायदा फार कडक आहे. तिने आता ठाण्यात जाऊ नये. बंदूक त्यांच्याकडे ठेवून जावी. ते वरच्या साहेबांना ओळखतात, ते निस्तरतील. तिला काही खर्च येणार नाही.

पंचफुलेने विचारले, "पावती द्यान का?"

ते हसले. अशा गोष्टींची पावती नसते, म्हणाले. पावती म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे तुम्हीच अडकाल.

ती विचारात पडली. मला ओरडावेसे वाटले. का ते मला ठाऊक नव्हते, पण या माणसाने मला ओळखले आहे आणि ओळख दिली नाही, एवढे मला कळले होते. रायफलीला एकच आवाज असतो, आणि तोही काडतुसाशिवाय निघत नाही.

"पावती नाई तं बंदूक नाई," पंचफुला शेवटी म्हणाली. "उद्या कोणी पुसलं तं मी का सांगू? एक तं आधीच सापडून नाई राह्यली." तिने मला पुन्हा पऱ्हाट्यांत बांधले. बंडोपंत पायरीपर्यंत आले. दोन दिवस वाट पाहतो, म्हणाले, नंतर माझ्या हातात काही राहणार नाही.

परतीच्या वाटेवर तिचे पाय ओढत होते. ऊन डोक्यावर, मोळी डोक्यावर. तिने मध्ये दोनदा थांबून मागे पाहिले. मागे फिरून मला देऊन टाकावे, असे तिच्या मनात होते, हे मानेच्या वळणावरून मला कळत होते. शेवटी रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडापाशी तिने मोळी उतरवली आणि दगडाला टेकून बसली.

नव्या राज्यात त्या दगडांच्या एका बाजूला नुकतेच मराठीत रंगवले होते. दुसरी बाजू जुनीच, इंग्रजी होती. पंचफुला इंग्रजी बाजूला बसली होती. वाचायचा नाद एवढ्या भीतीतही सुटला नव्हता. तिने आकड्यावर बोट ठेवले.

"चार," ती म्हणाली. मग कपाळाला आठी घातली. वर्ध्याहून चारच मैल? ही वाट तिने जन्मभर तुडवली होती. पाय आठ मैलांचे दुखत होते. ती उठली आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे ठसठशीत पांढऱ्या रंगात होते: वर्धा ८.

ती परत या बाजूला आली. 8. पुन्हा त्या बाजूला गेली. ८. दगडाभोवती तिने चार फेऱ्या मारल्या. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, बाईला ऊन लागले.

पण एका दगडावर भरवसा ठेवायला ती तयार नव्हती. तिने मोळी उचलली आणि पुढचा मैल जवळजवळ पळतच काढला. पुढच्या दगडावर इंग्रजी बाजूला तिला एक दिसला. मराठी बाजूला नऊ होता. तिथे तिने भर रस्त्यावर, कोणी येते की जाते ते न पाहता, मोळी सोडली, मला मांडीवर घेतले आणि माझ्या पाठीवर बोट ठेवले. ज्याला ती चार म्हणाली होती तो आठ. दोन तो दोनच. ज्याला एक म्हणाली होती तो नऊ. तीन तो तीनच.

"ब्याऐंशी त्र्याण्णव," ती म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले. माझ्या पाठीवर तिची आसवे पडली. मी मीच होते, मित्रांनो. मी मीच होते.

मग तिने डोळे पुसले. तिला दुसरेच काही आठवले होते. बंडोपंतांची वही तिने पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मोळी बांधली नाही. मला उघडे खांद्यावर घेतले आणि सुलोचनेला बरोबर घेऊन ठाण्याला गेली. आत जमादारासमोरच्या खुर्चीवर बंडोपंत बसले होते. दोन दिवस थांबण्याचा त्यांना धीर निघाला नव्हता. गरीब विधवेची बंदूक आपण जबाबदारीवर घेतो, असे ते जमादाराला समजावत होते.

पंचफुलेने मला टेबलावर ठेवले. तिचे बोलणे स्वच्छ होते. तिने सांगितले की बंदूक एकच आहे आणि चूक तिची आहे. इंग्रजी आकडा तिने मराठीत वाचला. जमादाराने मला उजेडात धरले, रजिस्टर पाहिले, पुन्हा मला पाहिले. मग तो खुर्चीत मागे रेलून खो खो हसला. शिकलेल्या माणसांनी गोंधळ घातलेला मी पुष्कळ पाहिला, म्हणाला, पण शिकत असलेल्या माणसाचा हा पहिलाच.

बंडोपंतही हसले. "अरे! माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

पंचफुला त्यांच्याकडे वळली. "तुमच्या वहीत तं बराबर हाय, साहेब."

जमादाराचे हसू थांबले. बंडोपंतांनी उपरणे झटकले, घसा साफ केला आणि मग सगळे सांगितले. ही साधी बंदूक नाही, ही मार्टिनी आहे, तीही लांब दांड्याच्या चौथ्या नमुन्याची. इतकी नीट राखलेली आपण दुसरी पाहिली नाही. आता नंबर जुळला आहे, तेव्हा रीतसर दीडशे रुपये द्यायला आपण तयार आहोत. पावतीसकट.

सुलोचनेने सासूचा पदर ओढला. दीडशे रुपयांत त्या घराच्या छपरावर नवी कवेलू चढली असती. पंचफुलेने माझ्या दस्त्यावर हात ठेवला.

"काल मी भेलेली होती तं हे लोखंड होती," ती म्हणाली. "आज मी भेत नाई तं दीडशाची झाली. बंदूक तं तेच हाय. मले नाई इकायची. जमा करा."

जमादाराने तिला समजावले की जमा केली तर पैसा मिळणार नाही. तिला ते ठाऊक होते. घरी जाताना सुलोचना तिच्याशी एक शब्द बोलली नसेल, असे मला वाटते, आणि सुलोचनेचेही काही चुकले नाही.

माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. तिच्यावरचा नंबर पंचफुलेने स्वतः लिहिला, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. जमादार म्हणाला, एक पुरे. ती म्हणाली, दोन्ही राहू द्या, माह्यासारखं कोणी वाचन तं पुन्हा कोण्या बाईच्या दाराशी शिपाई येईन.

तेव्हापासून मी इथे आहे. मला तेल लावायला कोणी नाही. नळीत कोळ्याने जाळे केले आहे. वर्षातून एकदा कडी वाजते आणि लोहार येतो. मागच्या खेपेला त्याने माझ्या शेजारणीला उचलले, तिच्या गळ्यात काहीच नव्हते. मग मला उचलले, चिठ्ठी उजेडात धरली, दोन्ही नंबर हळूहळू वाचले आणि मला परत ठेवले. पुढच्या खेपेला चिठ्ठी शाबूत असेल की उंदरांनी खाल्ली असेल, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची जुनी वस्तू असेल तर तिला महिन्यातून एकदा पुसा, आणि तिच्यावर जे लिहिले आहे ते नीट वाचा. वाचलेले पटले नाही तर उठून दुसऱ्या बाजूनेही वाचा, त्यात लाज नाही. आणि उद्या तुमच्या दाराशी कोणी घाबरलेला माणूस आपली वस्तू घेऊन आला, तर त्याला आधी पाणी द्या, जे खरे दिसते ते सांगा. त्या दिवशी त्या वस्तूचा भाव करू नका.